सव्वीस तोळ्यांची डबी

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या ओळीत भीमाप्पा घुगऱ्यांचं दुकान होतं, आणि दुकानावरच्या माडीत त्यांचा मुलगा मृत्युंजय दर रविवारी लढाई करायचा. हसू नका. सहा फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर हिरवं कापड, थर्मोकोलच्या टेकड्या, काथ्याची झाडं आणि त्यात बोटाच्या दीड पेराएवढे शिशाचे सैनिक, शंभर-सव्वाशे. एका बाजूला निळ्या डगल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला तांबड्या. फासे टाकायचे, टेपनं इंच मोजून सैनिक पुढं सरकवायचे आणि इंग्रजी नियमांच्या पुस्तकात बोट घालून भांडायचं. खाली पोती उतरवणारे हमाल वरचा आरडाओरडा ऐकून एकमेकांना म्हणायचे, "मालकांचं पोरगं बाहुल्या खेळतंय जणू." भीमाप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांना लाज वाटायची.

तांबडी फौज धवलची. धवलच्या वडिलांचं शाहूपुरीत बेअरिंगचं दुकान होतं. हा पठ्ठ्या काकांकडं इंग्लंडला वर्षभर राहिला आणि त्र्याण्णव साली परत आला तो ही दोन खोकी आणि ते पुस्तक घेऊन. खेळायचं कुणाशी? अख्ख्या कोल्हापुरात माणूस मिळेना. एकदा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत बेअरिंग द्यायला गेला, तर तिथं एक जण सागवानाच्या ठोकळ्यातून पंपाचा नमुना कोरत बसलेला. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, तो करणारा हा मृत्युंजय. पातळ, अबोल, आणि हाताला असं वळण, की बघत राहावं. धवलनं खिशातून एक सैनिक काढून त्याच्या बाकावर ठेवला.

"रंगवशील का हा?"

मृत्युंजयनं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, बटणं मोजली. आठ होती. "रविवारी ये की," म्हणाला. तो रविवार पुढं आठ-नऊ वर्षं चालला.

सोमवार ते शनिवार मृत्युंजय कोण होता? नमुना त्यानं करायचा, ओतीव काम दुसऱ्याचं, आणि पंपावर नाव तिसऱ्याचंच. घरात अप्पांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. आई लवकर गेलेली. पण रविवारी दुपारी त्या हिरव्या कापडासमोर उभा राहिला की हा माणूस दोन इंच उंच व्हायचा! निळी फौज त्याची होती. तिथं त्याचा शब्द चालायचा. पंच्याण्णव साली लग्न होऊन शिवलीला घरात आली. आधी तिलाही हे बघून हसू आलं, पण नवऱ्याचं रविवारचं तोंड बघून तिनं चहाचे दोन कप निमूट वर पाठवायला सुरुवात केली. अठ्ठ्याण्णवला विद्याश्री झाली. पोरगी रांगायला लागल्यावर मृत्युंजयनं माडीच्या दाराला कडी बसवली. सैनिक शिशाचे, आणि शिसं पोटात गेलं तर वाईट, हे फाउंड्रीतल्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही. खेळून खाली आला की साबणानं दोनदा हात धुवायचा आणि मगच पोरीला उचलायचा. इतका सावध माणूस! म्हणून तर पुढचं सांगताना जीभ जड होते.

झालं काय, की ती इंग्लंडची कंपनी शहाणी होती. पहिल्यांदा चोवीस सैनिकांचं खोकं पोस्टानं साडेतीनशेला पडायचं. मग खोक्यात सोळाच यायला लागले आणि किंमत सातशे. मग कंपनीनं कळवलं, की लहान मुलांच्या जिवासाठी आम्ही शिसं वापरणं बंद केलं, नवा धातू महाग पडतो, तरी राग मानू नये. खोकं हजाराच्या वर गेलं. वर कस्टमवाले उघडून बघणार आणि खेळणी म्हणून कर लावणार. धवलला काय, दुकान होतं. मृत्युंजय ओव्हरटाइम करायचा. आणि मग फाउंड्रीतच काम कमी झालं. नव्व्याण्णवपासून आठवड्याला तीन दिवस पाळी, तेवढ्याच दिवसांचा पगार. ओव्हरटाइम गेला उडत.

धवल वाईट नव्हता. "जया, लेका, मी मागवतो की तुझ्यापण. पैशाचं बघू नंतर," म्हणायचा. मृत्युंजयला घरात, मित्रांत सगळे जयाच म्हणत. पण यानं ते ऐकून घेतलं नाही. दुसऱ्याच्या पैशानं सेनापती कसलं व्हायचं?

त्यानं वेगळी वाट काढली. हुपरीला गुंडू म्हणून चांदीचा कारागीर होता, घरातच पैंजण करायचा. त्याच्याकडं रबरी साचे करायचं यंत्र होतं. मृत्युंजयनं कंपनीचे चार सैनिक नेले, साचे पाडले आणि फाउंड्रीतल्या भंगाराचं शिसं ओतून चाळीस सैनिक काढले. असे उतरले, की बटणंसुद्धा आठच्या आठ. रंगवून रविवारी टेबलावर मांडले आणि धवलच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

धवलनं एक उचलून उलटा केला. तळाला कंपनीचा शिक्का नव्हता. "घरात ठीक हाय रं. पण स्पर्धेत न्हाय चालायचे. नकली म्हणून बाहेर काढतील." मग तो खाली ठेवत म्हणाला, "आणि मला पण कसंतरीच वाटतंय, खरं सांगू?"

ते चाळीस सैनिक मृत्युंजयनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरले आणि फळीवर टाकले.

दोन हजार एक साल उजाडलं. जानेवारीत कंपनीचं नवं पुस्तक आलं. आता सैनिक उंचीनं दीडपट. जुने शेजारी ठेवले तर बापाशेजारी पोरं उभी केल्यासारखे दिसायचे, आणि नियमात लिहिलेलंच, जुने चालणार नाहीत. सगळी फौज बदलायची. त्यात मे महिन्यात बेंगलोरला जोड्यांची स्पर्धा. धवलनं सरळ सांगितलं, "नवी निळी फौज पाहिजे जया. न्हायतर मला इचलकरंजीच्या त्या यंत्रमागवाल्याला जोडीला घ्यायला लागंल. तो तयार हाय." त्यात दुष्टपणा नव्हता. पण एकदा त्या टेबलासमोरची जागा गेली की गेली. मग उरणार काय? तीन दिवसांची पाळी आणि अप्पांच्या दुकानात पोती मोजणं.

साठवलेलं सगळं काढलं, सायकल विकली, जुनी फौज मिळेल त्या किमतीला विकली, शिवलीलाला न सांगता विम्याचा हप्ता चुकवला. तरी दोन हजार कमी पडले. दोन हजार! लाख नव्हेत, बघा. शिवलीलाला मागितले असते तर तिनं माहेराहून आणले असते. अप्पांना मागितले असते तर अप्पांनी दोन शिव्या घालून तिजोरी उघडली असती. पण बाहुल्यांसाठी पैसे मागायला त्याचं तोंड उघडेना.

आता अप्पांच्या डबीबद्दल सांगायला पाहिजे. घुगरे लिंगायत. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग, आणि ते ठेवायची चांदीची डबी, घरात तिला करडगी म्हणत. अप्पांच्या आजोबांच्या वेळची, सव्वीस तोळ्यांची, अंगावर बारीक वेलबुट्टी. अप्पा दिवसभर ती छातीवर बाळगायचे. झोपताना टोचते म्हणून रात्री लिंग कापडात बांधून गळ्यातच ठेवायचे आणि रिकामी डबी देवघरात. तिच्या खालच्या वाटीत पाणी घालायचे, बेलाचं पान आणि दह्याचे चार थेंब टाकायचे. सकाळी पूजा झाली की ते तीर्थ आपण प्यायचं आणि घरात मागेल त्याला द्यायचं. हे कुठल्या शास्त्रात नव्हतं, अप्पांची आपली रीत. मग चिमूटभर विभूती घेऊन डबी आतून-बाहेरून चोळायची, की ती लखलखायची. तीर्थ मागायला बाकी कुणी जायचं नाही, पण तीन वर्षांची विद्या मात्र अंथरुणातून उठली की थेट आज्जाच्या मांडीवर. "आज्जा, मला," म्हणून इवलासा तळवा पुढं करायची.

दरवर्षी महाशिवरात्रीच्या आधी डबी उजळायला हुपरीला जायची. चार दिवस लिंग कापडातच. डबी न्यायचं-आणायचं काम मृत्युंजयचं. त्या वर्षीही अप्पांनीच ती आपल्या हातानं त्याच्या पिशवीत ठेवली.

गुंडूच्या घरात बसून मृत्युंजयनं जे सांगितलं ते ऐकून गुंडूनं हातातला चिमटा खाली ठेवला. "पावणं, तुमचा बाप देवमाणूस हाय. ह्ये बरं न्हाय."

"ही ठेवून घे, दोन हजार दे. दिवाळीपतोर वितळवू नकोस. बोनस झाला की सोडवून नेतो. तोवर दुसरी असू दे."

"आणि म्हाताऱ्याला कळलं तर?"

"न्हाय कळणार," मृत्युंजय म्हणाला, आणि त्याच्या आवाजात, देवा शपथ सांगतो, अभिमान होता.

कारागिराला कामाची नशा चढली की त्याचं डोकं दुसरीकडं चालत नाही. साचा पाडताना धातू किती आकसेल त्याचा हिशेब मृत्युंजयनं केला. झाकणाची खिटी वेगळी ओतली. वजन हा खरा पेच होता. कथिलाची डबी हलकी लागली असती, अप्पांच्या छातीला ती लगेच कळली असती. चांदीच्या वजनाला उतरायचं तर शिसंच जास्त पाहिजे. त्यानं पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला आणि ते चाळीस नाकारलेले सैनिक कढईत ओतले. निळे डगले आधी धुरकटले, मग गेले. वरून गुंडूनं चांदीचं पाणी चढवलं. तराजूत एका पारड्यात खरी, दुसऱ्यात नवी. काटा मधोमध. गुंडू नुसता बघत राहिला. त्या चार दिवसांत मृत्युंजयच्या डोक्यात वजन होतं, रंग होता, वेलबुट्टीचं वळण होतं. देवघरातलं पाणी नव्हतं. साबणानं दोनदा हात धुणाऱ्या माणसाच्या डोक्यात ते एकदाही आलं नाही, आता काय म्हणायचं याला!

अप्पांनी डबी हातात घेतली, वर-खाली करून बघितली. "यंदा बरी उजळलीय," म्हणाले आणि गळ्यात घातली.

बेंगलोरला धवल-मृत्युंजयच्या जोडीचा चौथा नंबर आला. तिथं पोरं सुटकेस भरभरून फौजा घेऊन आली होती. दिवाळीच्या आधी फाउंड्रीला कुलूप लागलं, बोनस राहिला बाजूलाच. जानेवारीपर्यंत गुंडू थांबला, मग त्यानं डबी वितळवून पैंजण केले, त्याचंही पोट होतं. आणि ज्या फौजेसाठी हा सगळा उपद्व्याप, ती अकरा महिन्यांत जुनी झाली. पुढच्या एप्रिलला कंपनीनं अजून एक पुस्तक काढलं. धवल इचलकरंजीला जायला लागला. हिरवं कापड गुंडाळून मृत्युंजयनं माळ्यावर टाकलं आणि एका लेथवाल्याकडं रोजंदारीवर लागला. दर शिवरात्रीला तो डबी हुपरीला नेऊन परत चांदीचं पाणी चढवून आणायचा, आणि वर्षभर अप्पा विभूतीनं ते घासून काढायचे.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात विद्या पहिलीत होती. पोट दुखतंय म्हणून रडायची. जेवायची नाही. रंग पांढरा पडलेला. बालवाडीत असताना वीसपर्यंत घडाघडा मोजायची, आता बारावर अडायची आणि आईच्या तोंडाकडं बघायची. अप्पांच्याही पोटात कळा यायच्या, मनगटं लुळी पडायला लागलेली, पण त्यांचं वय झालंय म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी पोरीचं रक्त मुंबईला पाठवलं. आठ दिवसांनी कागद आला. रक्तात शिसं, आणि ते भलतंच जास्त.

"घरात कुणी शिशाचं काम करतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

शिवलीलानं नवऱ्याकडं बघितलं. "ह्यांचे सैनिक हाईत की माडीवर!"

मृत्युंजयनं मान हलवली. त्यालाही त्या वेळी तेच वाटलं, किंवा तेच वाटून घ्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले, ते आजच्या आज घराबाहेर काढा, पोरीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरेल, महिन्यानं परत तपासू. नाही उतरलं तर मात्र मेंदूवर जाईल.

त्यानं सगळी फौज पोत्यात भरली आणि धवलच्या दुकानात नेऊन टाकली. धवलला पोरीच्या रक्ताचं सांगितलं. ऐकून धवलला वाईट वाटलं. मग त्यानं एक खोकं उचलून मागची बाजू बघितली. "पण जया, यात शिसं न्हाय. हे बघ, लिहिलंय की. म्हणून तर महाग केले त्यांनी. तुझे जुने होते ते तू मागंच विकलेस न्हवं? आणि ते हुपरीचे चाळीस, ते कुठं हाईत?"

ते चाळीस कुठं आहेत, हे मृत्युंजयला तिथं काउंटरजवळ उभ्याउभ्या आठवलं. पाठोपाठ देवघर आठवलं, वाटीतलं पाणी आठवलं, आणि पोरीचा पुढं केलेला तळवा. धवलनं पाणी प्यायला दिलं. पेला काउंटरवर तसाच ठेवून तो बाहेर पडला.

आता तुम्ही म्हणाल, तिथून धावत घरी जावं, डबी हिसकावून घ्यावी, बोंब मारून सगळ्यांना सांगावं. कुणीही हेच म्हणेल. मृत्युंजय धावत गेला तो हुपरीला. गुंडूला म्हणाला, चांदीची डबी पाहिजे, तश्शी, सव्वीस तोळ्यांची. गुंडू म्हणाला, चांदी आणायला, वेलबुट्टी काढायला तीन आठवडे तर लागतीलच. धवलकडून त्यानं पैसे घेतले, ज्याच्याकडून फौजेसाठी घेतले नव्हते त्याच्याकडूनच. आणि तीन आठवडे थांबला. डबी गुपचूप बदलू, कुणाला कळायला नको, अप्पांना तर नकोच, असा त्याचा बेत. लाज ही काय चीज आहे, बघा.

थांबला म्हणजे नुसता बसला नाही. एकदा पहाटे देवघरात जाऊन वाटीतलं पाणी बदलायला बघितलं, तर अप्पा दारात उभे. "काय करतोस? जन्मात कधी देवघरात पाय ठेवला न्हाईस." एकदा डबी उजळून आणतो म्हणाला. "शिवरात्र कुठं, आषाढ कुठं! ठेव खाली." शिवलीलाला म्हणाला, पोरीला ते शिळं पाणी देऊ नको. ती कडाडली, "तीर्थाला शिळं पाणी म्हणताय व्हय? पोरगी आजारी हाय, देवाचं चार थेंब तरी पोटात जाऊ द्यात की!" आणि पोरीला उठवून, तोंड धुऊन, रोज सकाळी स्वतःच म्हणायला लागली, "जा बाळ, आज्जाकडं जा आधी." मृत्युंजय दाराआड उभा राहून ऐकायचा. पण बोलला नाही.

तेविसाव्या दिवशी दुपारी डबी तयार झाली. खिशात घालून एस.टी.नं तो कोल्हापुरात उतरला. दुकानाचं फळकूट अर्धं लावलेलं. तानाबाई म्हणून धान्य निवडायला येणारी म्हातारी पायरीवर बसली होती. त्याला बघून तिनं कपाळावर हात मारला. "जयाप्पा, पोरीला झटका आला रं. डोळं पांढरं केलं तिनं. दवाखान्यात नेलीय, पळ!"

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर अप्पा बसले होते, छातीवर डबी, दोन्ही लुळी मनगटं मांडीवर. शिवलीला भिंतीला टेकून उभी होती. आत डॉक्टर होते. दारातून पोरीचे पाय तेवढे दिसत होते, एकाच पायात पैंजण. मृत्युंजयनं ते पाय बघितले आणि त्याचा धीर सुटला.

"अप्पा, डबी चांदीची न्हाय. शिशाची हाय. मी केलीय." मग एकामागोमाग एक सगळं बोलून टाकलं, दोन हजार, बेंगलोर, गुंडू, सैनिक, वाटीतलं पाणी. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. त्याला कशाची शुद्ध नव्हती.

शिवलीला ओरडली नाही. तिनं विचारलं, "तुम्हाला कळून किती दिस झालं?"

"तेवीस."

"तेवीस," ती म्हणाली. ओठ हलत होते, ती मनात मोजत होती. "तेवीस सकाळी मीच तिला धाडलं. माझ्या तोंडानं म्हणाले, जा आज्जाकडं. तुमी घरातच हुता की वो. दाराआड उभं असायचा, मला वाटायचं लेकीवर जीव हाय." मग ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून असं रडली, की आतून नर्स बाहेर आली.

मृत्युंजय आत गेला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, कारण औषध द्यायला त्यांना ते कळायला हवं होतं. परत आला तेव्हा अप्पांनी गळ्यातून डबी काढलेली. ती उघडून त्यांनी लिंग तळहातावर घेतलं होतं. उपरण्याची कड दातांनी फाडली, त्यात लिंग बांधलं आणि गाठ मारता येईना म्हणून सुनेपुढं धरलं. तिनं डोळे पुसून गाठ मारली. मृत्युंजयनं खिशातली नवी डबी पुढं केली. अप्पांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी रोज हातानं पाजलं रं तिला," एवढंच म्हणाले.

विद्या वाचली. मुंबईहून औषध मागवलं, दोन महिने दवाखान्यात काढले. पण आधीची विद्या परत आली नाही. उजवा हात सारखा कापायचा, बारा म्हटलं की पुढं काय ते सुचायचं नाही, दोन वर्षं पहिलीतच राहिली. शिवलीला त्याच घरात राहिली, भाकरी करून वाढत होती, पण नवऱ्याला तिनं परत 'अहो' म्हणून हाक मारली नाही. लागलं तर पोरीकडून निरोप धाडायची. अप्पा दुकान सोडून कशाबद्दल बोलायचे नाहीत. लिंग कापडातच ठेवायचे. तीर्थ बंद झालं. नवी डबी कपाटात पडून काळी पडली, तिला उजळायला कुणी हुपरीला नेलं नाही.

दोन हजार पाचच्या थंडीत अप्पा गेले. लिंगायतांत पुरतात, माणसाला बसवून, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून. खड्ड्यात अप्पांना बसवलं, अंगाला विभूती लावली. विधी करणाऱ्या जंगमांनी वर बघून हाक दिली, "मुलानं पुढं या."

मृत्युंजय पुढं झाला. शिवलीलानं हात आडवा केला. "मामंजी सांगून गेलेत," ती जंगमांना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "लिंग विद्यानं द्यायचं. ह्यांनी हात लावायचा न्हाय." भोवतालची भावकी कुजबुजली. काय झालं ते पुष्कळांना माहीत होतं, ज्यांना नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. मृत्युंजय होता तिथंच थांबला, हात पुढं केलेला तसाच.

दोघांनी धरून सात वर्षांच्या विद्याला खाली उतरवलं. शिवलीलानं उपरण्याच्या कापडाची गाठ सोडून लिंग तिच्या हातात दिलं. उजवा हात कापत होता म्हणून पोरीनं ते दोन्ही हातांत धरलं, आज्जाच्या तळहातापर्यंत नेलं आणि मध्येच थांबली. वर बघून तिनं काठावर बाप शोधला.

"बाबा," तिनं मोठ्यानं विचारलं, "ह्ये खरं हाय न्हवं?"

मृत्युंजयनं व्हय म्हणायला तोंड उघडलं. पोरगी आईकडं वळली आणि तिलाच परत विचारलं. शिवलीला म्हणाली, "खरं हाय बाळ, ठेव." मग विद्यानं ते आज्जाच्या हातात ठेवलं.